ग्लेंडाची वाफ

नोरीन हॅस्लमला माणसं आवडत नसत, आणि तिचं पोट मात्र माणसांवरच चालत होतं. थॉर्नकॉटच्या मंडईत, वरच्या काचेच्या छपराखाली अगदी मधोमध तिचं चहाकॉफीचं दुकान होतं. दुकानाला भिंती नव्हत्या. काउंटर, मागे चहाचं मोठं भांडं, समोर थोडी टेबलं, आणि टेबलं संपली की लोकरवाल्या बाईचा गाळा सुरू. सकाळी काउंटरवरचं कापड ओढून काढलं की नोरीन मागे उभी राही आणि येणाऱ्या प्रत्येकाकडे अशी बघे, की त्यानं बुटाला शेण लावून आणलंय की काय. लोक तरीही येत. तिचा चहा कडक असे, बटाटाकांदा भरलेली पेस्ट्री ती घरी करून आणी, आणि तिचा टोमणा दुसऱ्याला बसताना ऐकायला सगळ्यांनाच मजा येई.

तिच्या तुच्छतेत आपपरभाव नव्हता. कॉफीत ओटचं दूध मागणाऱ्याला ती म्हणे, "घोड्याच्या तोबऱ्यातलं आणून देऊ का?" चहा पिता पिता फोननं कपाचा फोटो काढणाऱ्या पोरीला ती सांगे, "लवकर काढ बाई, कप म्हातारा होतोय." नगरपालिका, हवामानखातं, नवीन पाद्री, लग्न झालेल्या बायका, लग्न मोडलेल्या बायका, सगळ्यांना ती एकाच मापानं मोजी. तिनं स्वतः लग्न केलं नव्हतं. कुणी विचारलं तर म्हणे, "दुकानात दिवसभर पुरुष बघते मी. घरी एक घेऊन जावा असा अजून दिसला नाही."

पण तुच्छतेतला मोठा वाटा तिनं बहिणीसाठी राखून ठेवला होता.

ग्लेंडा तिच्याहून पाच वर्षांनी धाकटी. साठी ओलांडली तरी केसांना जांभळा रंग, ओठांना लाली. दोन नवरे झाले, दोन्ही गेले. पहिला देवाघरी आणि दुसरा परत आपल्या आधीच्या बायकोकडे. वयाच्या चौदाव्या वर्षापासून ग्लेंडा सिगरेट ओढत होती. मंडईत सिगरेटला बंदी आली तेव्हा ती इतरांबरोबर दाराबाहेर जाऊन ओढू लागली, आणि दहाबारा वर्षांनी एका डॉक्टरनं तिच्या छातीचा फोटो तिच्यासमोर धरून तिला इतकं घाबरवलं, की तिनं सिगरेट सोडली आणि धुराऐवजी वाफ सोडणारा, विजेवरचा व्हेप धरला.

तो व्हेप नोरीनच्या डोक्यात जाई. निळाहिरवा, जाडजूड, टॉर्चएवढा. ग्लेंडा तो फितीला बांधून गळ्यात घाले. नोरीन त्याला रेफरीची शिट्टी म्हणे. सिगरेटचा धूर निदान पातळ तरी असे. ही वाफ पांढरी, जाड, उशीतला कापूस काढून हवेत सोडावा तशी. आणि वास रूबार्बच्या आंबटगोड देठांचा आणि कस्टर्डचा.

"रूबार्ब आणि कस्टर्ड वाटीत घालून खातात," नोरीन म्हणे.

"वाटी गळ्यात कशी अडकवू?" ग्लेंडा म्हणे, आणि आणखी एक ढग सोडी.

रोज साडेदहाच्या सुमारास ती येई, खांबाला लावलेल्या रेडिएटरजवळच्या उबदार टेबलाशी बसे, चहा आणि भाजलेला टीकेक, म्हणजे मनुकांचा गोड पाव, मागवी, आणि बारापर्यंत हलत नसे. नोरीन काउंटरमागून कुणावर काही फेकी, तर रेडिएटरकडून त्याला जोड मिळे. कधी नोरीनच्या बाजूनं, जास्त वेळा विरुद्ध. दोघींच्या मध्ये बसलेली माणसं टेनिस बघितल्यासारखी माना फिरवत.

वाफेचं प्रकरण पेटलं ते पिलिंगमुळे. पिलिंग हा शाळेतून निवृत्त झालेला भूगोलाचा मास्तर. अकराच्या सुमारास तो मटाराचं सूप पिई, आणि प्रत्येक घोटाआधी चमच्याकडे नकाशा वाचल्यासारखा बघे. एका सकाळी त्यानं चमचा खाली ठेवला आणि काउंटरशी आला.

"नोरीन, तक्रार म्हणून नाही सांगत," तो म्हणाला, "पण माझ्या सूपला आज कस्टर्डचा वास येतोय."

"माझ्या सूपला?"

"वासच. चव तशीच आहे, पण नाकाला मटार लागतच नाही."

नोरीनच्या सूपला आजवर कुणी नाव ठेवलं नव्हतं. तिच्या नाकाला मिरच्या झोंबल्या. पण खरं सांगायचं तर तिला आनंदही झाला. कितीतरी महिने ती निमित्त शोधत होती आणि हा मास्तर ते वाटीत घालून घेऊन आला होता.

तिनं मंडईच्या व्यवस्थापकाला गाठलं. डॅरेन विटवर्थ नाव त्याचं. नगरपालिकेनं नेमलेला, गळ्यात ओळखपत्र, काखेत टॅबलेट, आणि कुठल्याही प्रश्नाचं उत्तर द्यायच्या आधी त्या टॅबलेटवर बोट फिरवायची सवय.

"कायदा धुरासाठी आहे, मिसेस हॅस्लम," तो म्हणाला.

"मिस."

"मिस हॅस्लम. ही वाफ आहे. वाफेबद्दल कायद्यात बंदी नाही. ज्यानं त्यानं आपापल्या धंद्यापुरतं ठरवायचं. हॉटेलवाल्यानं हॉटेलात, न्हाव्यानं सलूनमध्ये."

"म्हणजे तिकडे लंडनमध्ये एवढी माणसं पगार घेऊन बसलीत, त्यांना ठरवता आलं नाही, म्हणून मी ठरवायचं? पेस्ट्री भाजता भाजता?"

"तुम्हाला वाटत असेल तर आपण सगळ्या गाळेवाल्यांची मतं घेऊ. बैठक लावतो मी."

"मला मच्छीवाल्याचं मत कशाला हवंय?" नोरीन म्हणाली. "तुझं डोकं चालत नाही एवढं कबूल कर आणि जा. मी बघते."

त्या रात्री तिनं स्वतः पाटी रंगवली. अक्षर मोठं आणि सरळ. 'इथे सिगरेट नाही. व्हेपही नाही. फळाच्या वासाचाही नाही, मिठाईच्या वासाचाही नाही.' सकाळी ती रेडिएटरच्या वरच लावली. दुकानात दुसरी जागा नव्हती असं नाही.

ग्लेंडा आली, कोट काढला, पाटी वाचली. परत वाचली.

"हे माझ्यासाठी आहे का?"

"ज्याला वाचता येतं त्याच्यासाठी आहे," नोरीन म्हणाली.

"तू मला तोंडानं सांगू शकली असतीस."

"गेली पन्नास वर्षं तोंडानंच सांगतेय. काय फरक पडला?"

ग्लेंडा हसली आणि बसली. चहा आला, टीकेक आला. पाचदहा मिनिटं ती शहाण्यासारखी बसली. मग तिनं पर्स मांडीवर घेतली, झिप उघडली, काहीतरी शोधतेय अशी मान आत घातली, आणि पर्समध्येच वाफ सोडून झिप लावून टाकली. शेजारच्या टेबलावरच्या बायका खुदखुदल्या. दुसऱ्यांदाही तसंच. तिसऱ्यांदा तिला रुमाल हवा होता म्हणून तिनं पर्स उघडली आणि आतून एवढा मोठा ढग वर आला, की लोकरवाली बाई ओरडली, "अगं, पेटलं काय तुझं?" सगळी टेबलं हसली. पिलिंगसुद्धा हसला.

नोरीन हसली नाही. ती काउंटरमागून बाहेर आली. ती बाहेर आली की लोक गप्प होत, कारण ती सहसा येत नसे. ग्लेंडाच्या टेबलासमोर उभी राहून ती बोलली, आणि आवाज मुद्दाम खाली ठेवला नाही.

"आयुष्यभर तुला तोंडात काहीतरी लागतंच, ग्लेंडा. आधी अंगठा होता, तो सात वर्षांची झालीस तरी सुटला नाही. मग सिगरेट. मग दुसऱ्या बायकांचे नवरे. आणि आता ही शिट्टी. एक दिवस, फक्त एक दिवस, तुला नुसतं श्वास घेऊन जगता येत नाही का?"

मागे चहाच्या भांड्यात उकळणारं पाणी तेवढं ऐकू येत होतं.

ग्लेंडानं फितीची गाठ नीट केली, कोट घातला, एक बाही उलटी होती ती सावकाश सुलटी केली. टीकेक अर्धा तसाच होता.

"बरं," ती म्हणाली, आणि गेली.

नोरीननं टेबल पुसलं. "सुटले," ती मोठ्यानं म्हणाली, आणि रेडिएटरकडून कुणी काही बोललं नाही.

पुढचे काही आठवडे नोरीन विजयी होती. बहीण कुठे फिरते याच्याशी आपल्याला कर्तव्य नाही, असं ती म्हणे. पण भांडी घासणारी जॅनिस बातम्या आणी आणि नोरीन त्या ऐकताना नळ बंद करी.

जॅनिसच्या बातम्यांवरून कळलं ते असं. ग्लेंडा सकाळची बसायला जागा शोधत होती, आणि त्या निमित्तानं थॉर्नकॉटमधल्या प्रत्येक धंद्याला वाफेबद्दल आपलं मत काय ते ठरवावं लागत होतं. 'रेड लायन'मध्ये बारपाशी चालत होतं, पण जेवायच्या टेबलाशी नाही. ("दारू पिताना वास चालतो, बटाटे खाताना नाही," नोरीन म्हणाली. "काय ती अक्कल.") केस कापणारी बाई म्हणाली, ड्रायरखाली बसलेली असशील तर ओढ, तसंही तिथे वाफच असते. लाँड्रीत पाटी नव्हती, पण मालक येऊन धुतलेल्या चादरींकडे बघत उभा राहिला, बोलला काहीच नाही. ("भित्रा.") बँकेत सुरक्षारक्षक म्हणाला, वरिष्ठांना विचारून सांगतो, अजून विचारतोय. मेलेल्यांची व्यवस्था बघणाऱ्या दुकानात ग्लेंडा आपल्या स्वतःच्या अंत्यविधीची चौकशी करायला गेली होती, तिथला माणूस फार अदबीनं म्हणाला, "अवश्य घ्या बाई, आमच्याकडे आजवर कुणी तक्रार केलेली नाही."

"तिथंच बस म्हणावं," नोरीन म्हणाली. "पुढे जायचा त्रास वाचेल."

जॅनिस हसली, पण एकटी जॅनिस हसून किती हसणार.

शेवटी ग्लेंडाला जागा मिळाली ती मंडईसमोरच, रस्त्यापलीकडे. इथन क्लेग नावाच्या दाढीवाल्या पोरानं तिथे नवीन कॉफीचं दुकान काढलं होतं. विटांची उघडी भिंत, उंच स्टुलं, एका कपात मावेल एवढं सूप आणि त्याला तीन ओळींचं नाव. मागच्या बाजूच्या टेबलांवर वाफ चालेल, असं त्यानं सांगितलं होतं. मग मंगळवारी ग्लेंडाबरोबर बसणाऱ्या बायका तिकडे गेल्या. त्यांच्यातल्या एकीची नणंद गेली. नुसतीच बघायला म्हणून लोकरवाली बाई गेली आणि आल्यावर म्हणाली, "कॉफी काही खास नाही, पण हसलो फार."

"हसायला कशाला हवं होतं रस्ता ओलांडून जायला?" नोरीन म्हणाली. "आरशात बघायचं."

तिच्याकडे पिलिंग राहिला. तो जिंकला होता. त्याच्या सूपला आता मटाराचाच वास होता, आणि त्या आनंदात तो डोंगरउतारांबद्दल आणि समुद्राच्या भरतीबद्दल बोले, घोटाआड. नोरीन त्याला टोमणा मारी, तो कपाळाला आठी घालून विचार करी आणि म्हणे, "तसं नाही ते, नोरीन." टोमणा फरशीवर पडून राही. एकदा तिनं ओटचं दूध मागणाऱ्या पोराला तोबऱ्याचं ऐकवलं आणि सवयीनं रेडिएटरकडे बघितलं. तिथे पाटी होती. तिच्या स्वतःच्या अक्षरातली.

पोरगा म्हणाला, "सॉरी," आणि कॉफी न घेताच गेला.

"मऊ पीठ सगळं," नोरीन पुटपुटली. पण तोबऱ्याचं ते वाक्य तिनं पुन्हा फारसं वापरलं नाही.

ऑक्टोबर संपत आला तेव्हाची गोष्ट. दुपारी गिऱ्हाईक नव्हतं. "पोस्टात जाऊन येते," असं जॅनिसला सांगून नोरीननं एप्रनवरच कोट चढवला आणि रस्ता ओलांडला. पोस्ट उलट दिशेला होतं. तिला एकदा आतून बघायचं होतं ते दुकान. नाव ठेवायला आधी बघावं लागतं, आणि न बघता ठेवलेली नावं आता संपत आली होती.

बाहेर बारीक पाऊस होता, इथे नेहमी असतो तसला, पडतोय की हवेतच आहे ते कळू न देणारा. दुकानाच्या दारावर नवी पाटी होती, छापील, खाली हिरवं पान काढलेलं: 'आमची जागा आता पूर्णपणे वाफमुक्त आहे. समजून घेतल्याबद्दल धन्यवाद.' आणि दारावरच्या कापडी छपराखाली, एका बाजूला, ग्लेंडा उभी होती. तिच्या हातात कॉफीचा कागदी पेला होता. काचेतून आत तिच्या मंगळवारच्या बायका बसलेल्या दिसत होत्या. त्यांच्यामध्ये एका स्टुलावर तिची पर्स ठेवलेली होती.

नोरीन थांबली. तिला मनातल्या मनात बरं वाटलं. घ्या, आता इथूनही बाहेर. तोंडावर सांगावं असं वाक्यही तिला सुचलं होतं. ती पुढे होणार इतक्यात दार उघडलं आणि दाढीवाला इथन बाहेर आला.

"आजी, किती वेळा सांगायचं?" तो म्हणाला. हळूच, गोड आवाजात म्हणाला. लहान मूल किंवा कुत्रं असावं समोर, तसं. "दारातही नको ना. आत येणाऱ्यांना कसंतरी वाटतं. तिकडे बसस्टॉपवर जा बघू." आणि वळून आतल्या लोकांकडे बघून त्यानं नाकासमोर हात हलवला आणि हसला.

आतले दोघंतिघं हसले.

आता ग्लेंडा त्याला काय ऐकवते ते बघायला नोरीन थांबली. ग्लेंडानं आयुष्यात पोलिसाला ऐकवलं होतं, मुख्याध्यापिकेला ऐकवलं होतं, पहिल्या सासूला तिच्याच वाढदिवसाला ऐकवलं होतं. पण ग्लेंडा म्हणाली, "सॉरी हं, बाळा," आणि छपराखालून निघून पावसात उभी राहिली. जांभळ्या केसांवर पाण्याचे बारीक थेंब बसले. ती बसस्टॉपकडे चालू लागली. चालताना एक पाय जरा ओढत होती. ते नोरीननं याआधी पाहिलं नव्हतं.

नोरीननं दार ढकललं.

"तू," ती म्हणाली. "दाढी."

इथन वळला. "या ना मॅडम. बसा. काय देऊ?"

"कायदा दे. वाफेला बंदी आहे असं कुठल्या कायद्यात लिहिलंय, ते दाखव मला."

"कायदा नाही मॅडम, हे आमचं धोरण आहे."

"गेल्या महिन्यात चालत होतं. तेव्हा धोरण झोपलं होतं?"

"वर योगाचा वर्ग सुरू झाला. त्यांची तक्रार होती. आणि बऱ्याच गिऱ्हाइकांना—"

"मला तुझ्या दाढीचा वास येतोय," नोरीन म्हणाली. "संत्र्याचं तेल का काय चोपडलंयस ते. इथे दारापर्यंत येतोय. त्याबद्दल धोरण आहे? तो मुलगा तिथे बसलाय, त्याच्या बुटांचा येतोय. 'बसस्टॉपवर जा बघू' म्हणालास का तू त्याला?"

बुटांच्या मुलानं पाय स्टुलाखाली घेतले. मंगळवारच्या बायका एकमेकींकडे बघत नव्हत्या. इथनचा गोड आवाज थोडा पातळ झाला.

"मॅडम, तुम्ही मंडईतल्या हॅस्लमबाई ना? मग तुमच्याच दुकानात बंदी आहे की. मी तर तुमची पाटी बघूनच ठरवलं. सगळे म्हणत होते, तुमच्याकडे किती छान शांत झालंय."

हे वाक्य नोरीनला लागलं. किती लागलं ते तिनं चेहऱ्यावर दिसू दिलं नाही, तिला ती सवय होती.

"माझ्या दुकानातून मी माझ्या बहिणीला हाकलली," ती म्हणाली. "तुझी ती कोण लागते?"

नोरीननं स्टुलावरची पर्स उचलली, मंगळवारच्या बायकांकडे एकेकीकडे नीट बघितलं, "कॉफी संपवा," म्हणाली, आणि बाहेर पडली. दार तिनं उघडंच टाकलं.

बसस्टॉपच्या बाकावर ग्लेंडा बसली होती. नोरीननं पर्स तिच्या मांडीवर ठेवली.

"ऐकलं मी," ग्लेंडा म्हणाली. "रस्त्यावरच्या कुत्र्यानंसुद्धा ऐकलं. मी सांगितलं होतं तुला भांडायला?"

"नाही."

"मग?"

"तू त्याला सॉरी का म्हणालीस?"

"पाय दुखत होता. भांडायला उभं राहावं लागतं, नोरीन."

"त्या पोराला? ज्याला धड मिशी कुठे संपते आणि दाढी कुठे सुरू होते ते ठाऊक नाही, त्याला सॉरी? पहिल्या सासूला तू केक कापतानाच ऐकवलं होतंस."

"तो निदान हळू बोलला," ग्लेंडा म्हणाली. "तू मंडईभर ऐकवलंस."

गाड्या जात होत्या. ग्लेंडानं व्हेप ओठाला लावला, एक ढग सोडला. तो पावसात लगेच विरला. नोरीननं नाक मुरडलं, पण बाकावरून उठली नाही.

"नवऱ्यांचं काढायला नको होतं मी," ती रस्त्याकडे बघत म्हणाली.

"कुठल्या?"

"दोघांचंही."

"दुसऱ्याचं खरंच होतं," ग्लेंडा म्हणाली. "त्याची बायको अजून मला बघून पलीकडच्या फुटपाथवर जाते."

नोरीनला हसू आलं, ते तिनं खोकल्यात घातलं. तेवढ्यात बस आली. ग्लेंडा उठली, बाकाच्या पाठीला धरून उठली, आणि चढली.

"उद्या येतेस?" नोरीननं खालून विचारलं. विचारायचं म्हणून विचारतेय असं.

"तुझी पाटी आहे ना?"

"आहे."

"मग बघते," ग्लेंडा म्हणाली आणि बसचं दार मिटलं.

पाटी काढावी असं नोरीनच्या मनात आलं नाही. केलेलं मागे घेणाऱ्यांबद्दल तिचं मत फार पूर्वीपासून वाईट होतं. पण दुसऱ्या दिवशी सकाळी ती मंडईच्या मागच्या टोकाला गेली. तिथे ब्रायन टॅटरसॉल मासे विकत असे, आणि त्याच्या गाड्या आत याव्यात म्हणून मागचं मोठं दार दिवसभर उघडं असे.

"इथे माझं एक टेबल ठेवणार आहे मी," ती म्हणाली.

"माझ्या गाळ्याशेजारी? कशाला?"

"व्हेपवाल्यांसाठी. वारा आहे, बाहेर जाईल वाफ. तुझ्या माशांना काय फरक पडणार?"

"माशांना नाही, गिऱ्हाइकांना पडेल."

"तुझ्या गिऱ्हाइकांना नाक असतं, ब्रायन, तर ती तुझी गिऱ्हाइकं झाली नसती."

टॅटरसॉल काही वेळ सुरी पुसत राहिला. तो नोरीनला चाळीस वर्षं ओळखत होता. "ग्लेंडा येणार का?" त्यानं विचारलं.

"मला काय माहीत कोण येणार."

"ठेव टेबल," तो म्हणाला.

नोरीननं जॅनिसला सांगून ठेवलं, "ग्लेंडा भेटली तर मी बोलावलंय असं सांगू नकोस. टेबल ठेवलंय, एवढंच सांग."

ग्लेंडा आठवडाभर आली नाही. नोरीन त्या टेबलाकडे बघत नव्हती. फक्त ते दिवसातून दोनदा पुसत होती. मग एका गुरुवारी साडेदहाला मागच्या दारातून ग्लेंडा आली, टेबलाशी उभी राहिली, आणि तिथूनच मंडईभर ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाली,

"म्हणजे मी आता मेलेल्या बांगड्यांच्या शेजारी?"

"त्यांनी तक्रार केली तर कळवते तुला," नोरीन काउंटरमागून ओरडली.

लोकरवाल्या बाईनं सुया खाली ठेवल्या.

तेव्हापासून ग्लेंडा तिथे बसते. दारातून वारा येतो म्हणून कोट अंगावरच ठेवते. चहा एवढ्या लांब नेईपर्यंत निवतो. नोरीन तो स्वतः नेते, जॅनिसला नेऊ देत नाही, आणि ग्लेंडा रोज म्हणते की थंड आहे. मंगळवारच्या बायका एकेक करून परत आल्या. नोरीननं कुणाला काही विचारलं नाही. पहिले तीन मंगळवार त्यांच्या चहात मुद्दाम दूध जास्त घातलं, तेवढ्यावर भागवलं. आणखी काही व्हेपवालेही त्या टेबलाशी येऊ लागले. एक बसचा ड्रायव्हर, एक नर्स, आणि चर्चमध्ये ऑर्गन वाजवणारा एक लाजाळू माणूस, ज्याच्या वाफेला बबलगमचा वास येतो. नोरीन सगळ्यांना सारखंच हलकं लेखते. ऑर्गनवाल्याला ती विचारते, "देवाला पत्ता आहे का याचा?"

पिलिंगनं एकदा हरकत घेतली. "नोरीन, नियम म्हणजे नियम. मंडई एकच आहे, छप्पर एकच."

"तुझं सूप कसंय?" नोरीननं विचारलं.

"उत्तम आहे."

"मग पी."

आता गिऱ्हाइकांची चक्क पंचाईत झालीये. काउंटरजवळ बसावं तर ग्लेंडाचं अर्धं ऐकू येत नाही, मागे बसावं तर नोरीनचं. बरेच जण मध्ये, चीजवाल्यापाशी, कप हातात घेऊन उभे राहतात. चीजवाला कुरकुरतो. विटवर्थ टॅबलेट घेऊन आला होता, त्या टेबलाची नोंद कुठल्या गाळ्यात करायची ते विचारायला. दोन बहिणींनी दोन बाजूंनी त्याला धरलं आणि तो नोंद न करताच गेला. तो जाताना दोघींनी एकाच वेळी त्याला एकच शिवी दिली, आणि मग दोघींनाही एकसारखं बोलल्याचा राग आला.

दुपारी गर्दी ओसरली की नोरीन कधी कधी एप्रनला हात पुसत मागच्या टेबलाशी जाऊन बसते, वाफेकडे पाठ करून, पाच मिनिटं. परवा तिनं नाक मुरडलं.

"आज कसला वास आहे हा?"

"लिंबाचा केक," ग्लेंडा म्हणाली.

"लिंबाचा केक असा लागत नाही."

"तू करतेस तो नाही लागत, हे खरं."

टॅटरसॉल मोठ्यानं हसला. नोरीननं मान वळवून त्याच्याकडे एकदाच बघितलं.

"तू मासे साफ कर," ती म्हणाली.

आणि तो पुन्हा मासे साफ करू लागला.